भोवळीच्या रुग्णाच्या रुग्णशय्येजवळील चाचण्या

भोवळीचे मूळ अंतर्कर्णात, मेंदूत की रक्ताभिसरणात आहे, हे रुग्णाच्या खाटेशेजारीच ठरवण्यास मदत करणाऱ्या साध्या चाचण्या. कोणती चाचणी करायची हे भोवळ किती वेळ टिकते आणि कशाने येते यावरून ठरते. हे आधी विचारले नाही, तर योग्य चाचणीही चुकीचे उत्तर देते.

उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर आधी आडवे झोपवून आणि मग उभे करून तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजतात. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 मिमी.ने उतरला, तर कारण बहुधा तिथेच सापडते.

कूस बदलताना किंवा वर पाहताना काही क्षण सारे गरगरत असेल, तर डिक्स-हॉलपाइक चाचणी करतात. लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी ती 1952 मध्ये मांडली. बसलेल्या रुग्णाचे डोके 45 अंश एका बाजूला वळवून त्याला झटकन उताणे निजवतात. डोके खाटेच्या कडेखाली किंचित लोंबते आणि डोळे उघडे असतात. अंतर्कर्णातील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण मागच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले असतील, तर काही सेकंदांनी डोळे खालच्या कानाकडे फिरत वरच्या दिशेने झटके देऊ लागतात आणि साधारण मिनिटाच्या आत थांबतात. असे स्पष्ट चित्र दिसल्यावर सहसा स्कॅनची गरज उरत नाही. जॉन एप्ली यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कृतीने, डोके क्रमाने फिरवून, ते कण त्याच खाटेवर मूळ जागी परतवता येतात. आपल्याकडे ही भोवळ अनेकदा ‘मानेच्या मणक्यां’वर ढकलली जाते आणि रुग्ण उगाच मानेला पट्टा बांधून फिरतो. झटके लगेच सुरू झाले आणि थांबेचनात, किंवा नुसते खालच्या दिशेने असले, तर मात्र मेंदूविकाराची शंका घ्यावी.

भोवळ तासन्‌तास अखंड असेल आणि डोळे आपोआप झटके देत असतील, तर ‘हिंट्स’ हा तीन चाचण्यांचा संच वापरतात. यातली डोके-झटका चाचणी हाल्माग्यी आणि कर्थॉइस यांनी 1988 मध्ये वर्णिली. रुग्णाने वैद्याच्या नाकावर नजर रोखायची आणि वैद्याने त्याचे डोके अनपेक्षितपणे थोडेसे, पण वेगाने वळवायचे. अंतर्कर्णाची नस दुखावली असेल, तर नजर डोक्याबरोबर वाहवते आणि उडी मारून नाकावर परतते. नवख्याला उलटी वाटेल अशी गोष्ट म्हणजे, इथे चाचणी निर्दोष येणे हीच धोक्याची खूण आहे. कारण लहान मेंदूच्या पक्षाघातात नजर बहुधा ढळत नाही. डावीकडे आणि उजवीकडे पाहताना झटक्यांची दिशा बदलणे, तसेच आळीपाळीने एकेक डोळा झाकल्यावर उघडा डोळा वरखाली सरकणे, याही मेंदूकडे बोट दाखवणाऱ्या खुणा. जोडीला अचानक बहिरेपण आले असेल, तर कानाला रक्त पुरवणारी धमनी तुंबल्याचा संशय धरावा. थांबून थांबून येणाऱ्या भोवळीत हा संच वापरू नये.

2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 101 रुग्णांच्या अभ्यासात प्रशिक्षित हातांनी केलेल्या या संचाने पक्षाघाताचा एकही रुग्ण निसटू दिला नाही. सुरुवातीचे एमआरआय मात्र काही रुग्णांत निर्दोष आले होते. म्हणून डोळ्यांच्या खुणा मेंदूकडे बोट दाखवत असतील किंवा रुग्णाला आधाराशिवाय बसताही येत नसेल, तर स्कॅन चांगला आला एवढ्यावर त्याला घरी पाठवू नये.