संपलेल्या कथेचा मधला खंड

कल्याणहून मुरबाडवरून वैशाखऱ्याकडे जाणारी वाट सह्याद्रीच्या भिंतीशीं येऊन संपली असेंच दुरून वाटतें. पण त्याच भिंतींत नाणेघाटाची चिंचोळी फट आहे. ती चढून गेलें कीं घाटाच्या तोंडाशीं कातळांत कोरलेलें लेणें लागतें, आणि त्याच्या दोन बाजूंच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख दिसतो. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांतला हा लेख म्हणजे यज्ञांचा आणि दक्षिणांचा हिशेब आहे: किती गाई, किती घोडे, किती कार्षापण. मागल्या भिंतीशीं एके काळीं राजघराण्यांतील माणसांच्या मूर्ति होत्या. आतां पायांच्या खुणा आणि वर कोरलेलीं नांवें एवढेंच उरलें आहे. येथून उत्तरेस शहापुराच्या मुलुखांतून निघणारी दुसरी वाट कसाऱ्याजवळ थळघाट चढून नाशिकास जाते. सोपारें आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल या घाटांनींच जुन्नर, नाशिक, पैठण येथवर पोंचे. बैलांच्या पाठीवरील गोणींबरोबर गोष्टींचीही ये-जा होत असे, हें सांगावयास निराळा शिलालेख लागत नाहीं. रात्रीच्या मुक्कामाला व्यापारी तांडा दुसरें काय करणार!

ज्या सातवाहनांनीं हा घाट राखला, त्यांच्याच दरबाराशीं भारतांतील सर्वांत मोठ्या अद्भुत कथामालेचें नांव परंपरेनें जोडलें आहे. ती कथामाला म्हणजे गुणाढ्याची ‘बृहत्कथा’. तिची जन्मकथा पुष्कळांच्या कानांवरून गेलेली असेल. जलक्रीडेंत राणीनें ‘मोदकैः’ म्हटलें, म्हणजे पाणी उडवूं नका. राजानें मोदक मागविले आणि हंसें करून घेतलें. त्याला व्याकरण किती दिवसांत शिकवितां येईल यावरून दोघां पंडितांची पैज लागली, गुणाढ्य हरला आणि संस्कृत, प्राकृत, देशी या तिन्ही भाषा सोडून रानांत गेला. तेथें त्यानें पैशाची भाषेंत, स्वतःच्या रक्तानें, सात लक्ष श्लोकांची कथा लिहिली. राजानें ती तुच्छतेनें परत पाठविली. मग गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवूं लागला व वाचलेलें पान अग्नींत टाकूं लागला. जनावरें चारा विसरून ऐकत बसलीं, रोडावलीं, राजाच्या मुदपाकखान्यांत सुकें मांस येऊं लागलें आणि तेव्हां कोठें चौकशी झाली. राजा धांवत आला तोंवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. नरवाहनदत्ताची एक लक्षाची कथा तेवढी वांचली.

ही आख्यायिका इतिहास नव्हे. मूळ बृहत्कथेचें एकही पान आज उपलब्ध नाहीं. परंतु कथा सांगणारांच्या मनावर या आख्यायिकेचा जो परिणाम झाला असेल, तो ध्यानांत घेण्याजोगा आहे. जी कथा हातीं आहे तिच्या सहापट जळाली आहे असें ऐकल्यावर कोणता कवि स्वस्थ बसेल? जळालेले सहा लक्ष श्लोक हें पुढल्या सर्व लेखकांना मिळालेलें कायमचें आमंत्रणच होतें.

त्या आमंत्रणाचा स्वीकार कसकसा झाला तें पाहण्यासारखें आहे. अकराव्या शतकांत काश्मीरांत क्षेमेन्द्रानें ‘बृहत्कथामंजरी’ रचली आणि सोमदेवानें अनंत राजाची राणी सूर्यमती हिच्या मनोरंजनार्थ ‘कथासरित्सागर’ लिहिला. सोमदेव मूळ ग्रंथाला सोडून रेसभरही गेलों नाहीं असें बजावून सांगतो, आणि त्याच्या प्रामाणिकपणाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. मात्र त्याच्या हातीं आलेला ग्रंथच आधीं फुगलेला असावा. त्यांत पंचतंत्र आहे, वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत आणि नायक नरवाहनदत्त या गर्दींत पानेंच्या पानें दिसेनासा होतो. नेपाळांत सांपडलेला बुधस्वामीचा ‘बृहत्कथाश्लोकसंग्रह’ फ्रेंच पंडित फेलिक्स लाकोत यानें १९०८ मध्यें छापावयास घेतला, तेव्हां हा फरक लख्ख दिसून आला. बुधस्वामीचा नायक आपली हकीकत आपणच सांगतो, आणि ती सांगतांना आडरानांत शिरत नाहीं.

परंतु पूर्ण झालेल्या कथामालेच्या पोटांत जाणूनबुजून एक सबंध ग्रंथ घातल्याचें जें उदाहरण आहे, तें काश्मीरचेंही नाहीं आणि नेपाळचेंही नाहीं. तें महाराष्ट्री प्राकृतांतील, म्हणजे मराठीच्या आजीच्या घरचें आहे. त्याचें नांव ‘वसुदेवहिंडी’. या नांवांतील ‘हिंडी’ समजण्यास मराठी माणसाला कोश उघडावा लागत नाहीं. वसुदेवाचें हिंडणें तें वसुदेवहिंडी. इ. स. ६०० च्या पूर्वीं संघदासगणि नांवाच्या जैन आचार्यांनीं ती गद्यांत रचली. नरवाहनदत्ताच्या जागीं त्यांनीं कृष्णाचा पिता वसुदेव आणला आणि सारें विद्याधरांचें जग, आकाशगमन, मंत्रविद्या, हरण, वेषांतर त्याच्याभोंवतीं उभें केलें. हा बृहत्कथेचाच जैन अवतार आहे, हें जर्मन पंडित लुडविग आल्सडोर्फ यांनीं १९३५ मध्यें दाखवून दिलें.

कथेची चौकट मोठी गोड आहे. वसुदेव तरुणपणीं इतका देखणा कीं नगरांतील बायका कामधंदा विसरत. थोरल्या भावानें, समुद्रविजयानें, युक्तीनें त्याला वाड्यांत अडकवून ठेवलें. तें कळतांच तो निसटला, स्मशानांत आपण जळून मेल्याचा देखावा केला आणि देशोदेशीं हिंडूं लागला. प्रत्येक मुक्कामीं त्याला एक वधू लाभते. म्हणून प्रत्येक प्रकरणाला ‘लंभ’ हें नांव. ही हकीकत म्हातारा वसुदेव पुढें आपल्या नातवंडांना सांगतो, आणि तीही कां? तर प्रद्युम्न त्याला टोमणा मारतो कीं, आजोबा, तुम्ही शंभर वर्षें वणवण केलीत तेव्हां आमच्या आज्या मिळाल्या. हा सांब पाहा, याला घरबसल्या केवढ्या मुली मिळाल्या! आजोबा चिडतात आणि सांगावयास बसतात.

संघदासांच्या ग्रंथांत लंभ आहेत २९. कथा रोहिणीच्या स्वयंवराशीं येते. तेथें वसुदेव वेष पालटून सभेंत बसलेला असतो, राजांशीं लढाई जुंपते, समोर खुद्द थोरला भाऊ येतो आणि वसुदेव स्वतःचें नांव लिहिलेला बाण त्याच्या पायाशीं टाकतो. मेला म्हणून ज्याच्यासाठीं शोक केला तो भाऊ सांपडतो. हिंडणें संपतें. मग देवकी, आणि देवकीच्या मागून जें येणार तें सर्वांना ठाऊकच आहे. याहून पक्का शेवट कथामालेला कोणता असावयाचा?

तरीही पुढें धर्मसेनगणि नांवाच्या दुसऱ्या आचार्यांनीं लेखणी उचलली. त्यांचा हिशेब सरळ होता. शंभर वर्षांत शंभर वधू. संघदासांनीं विस्ताराच्या भीतीनें २९ च सांगितल्या. तेव्हां ७१ राहिल्या. या ७१ लंभांचा ग्रंथ त्यांनीं रचला, आणि तोही आटोपशीर नव्हे. परंपरेनें पहिल्याचें माप सुमारे ११,००० श्लोकांचें दिलें आहे, तर या दुसऱ्याचें १७,००० चें. आतां तो ठेवावयाचा कोठें? शेवटीं ठेवतां येत नव्हता, कारण बाण पडल्यावर भावानें घरीं नेलेला मनुष्य पुन्हां हिंडावयास निघत नाहीं. म्हणून धर्मसेनांनीं अठराव्या लंभाला, प्रियंगुसुंदरीच्या लंभाला, आपला धागा बांधला आणि सारे ७१ तेथें ओवले. आपल्या ग्रंथाला ‘मध्यम खंड’ हें नांवही मिळालें तें यामुळेंच. पहिला खंड आहे, मध्यम खंड आहे, तिसरा नाहीं! पहिल्याच्याच पोटांत दुसरा आहे.

याची गरज होती काय, हा प्रश्न येथें टाळतां येत नाहीं. धर्मसेनांची स्वतःची बाजू त्यांनीं आरंभींच मांडली आहे, आणि ती लबाडीची नाहीं. नरवाहनदत्तादिकांच्या शृंगारकथा ऐकून ऐकून लोकांची रुचि तिकडेच लागली आहे. धर्म कोणाला नको आहे. रोगी औषध घेत नाहीं तेव्हां वैद्य त्याच्या आवडीच्या पेयाच्या मिषानें तें पाजतो, तसें शृंगारकथेच्या मिषानें आपण धर्म सांगत आहों, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे गरज होती ती श्रोत्यांना, आणि श्रोत्यांच्या मार्गें उपदेशकाला. कथेला तिची गरज होती असें त्यांनींही म्हटलेलें नाहीं, फक्त आंकडा भरावयाचा राहिला होता एवढेंच त्यांचें म्हणणें.

आणि येथेंच मधल्या ग्रंथाची खरी अडचण आहे. अठराव्या लंभाच्या शेवटीं वसुदेव जसा असतो, तसाच तो एकोणिसाव्याच्या आरंभीं असावा लागतो. मध्यें ७१ विवाह झाले तरी त्यांतल्या एकीचीही आठवण त्याला पुढें काढतां येत नाहीं, कारण पुढला भाग आधींच लिहून झाला आहे. तो मरणार नाहीं, शहाणा होणार नाहीं, त्याचें मन कोठें गुंतून राहणार नाहीं. श्रोत्याला हें सर्व ठाऊक असतें. अशा कथेंत उत्कंठा येणार कोठून?

परदेशांत अलीकडे हाच प्रकार झाला, तेव्हां तेथील लेखकानें या अडचणींतून जी वाट काढली ती विचार करण्यासारखी आहे. अमेरिकेचे स्टीफन किंग यांची ‘डार्क टॉवर’ ही अद्भुत कथामाला १९८२ मध्यें सुरू झाली आणि २००४ मध्यें सातव्या ग्रंथाबरोबर पुरी झाली. २०१२ मध्यें त्यांनीं आणखी एक ग्रंथ काढला आणि त्याची जागा चौथ्या व पांचव्यांच्या मध्यें दिली. त्यांत प्रवासी मंडळी एका भयंकर वादळांत निवाऱ्याला बसतात, आणि नायक त्यांना आपल्या तरुणपणची हकीकत सांगतो; त्या हकीकतींत पुन्हां एका मुलाची जुनी कहाणी. वादळ ओसरतें, मंडळी वाटेला लागतात, कांहींच बदललेलें नसतें. बदल त्या आंतल्या मुलाच्या आयुष्यांत होतो, आणि त्याचें पुढें काय होणार हें वाचकाला ठाऊक नसतें.

मराठी घरांना ही युक्ति नवी नाहीं. महाभारतांतील आश्वमेधिक पर्व संपूर्ण असतांना जैमिनीच्या नांवावर निराळा अश्वमेध रचला गेला, आणि अठराव्या शतकाच्या आरंभीं श्रीधरानें तो ओव्यांत उतरविला. अर्जुन घोड्याच्या मागें हिंडतो. घोडा परत येणार आणि यज्ञ पार पडणार हें पहिल्या ओवीपासून ठरलेलें. पण वाटेंत सुधन्वा भेटतो, प्रमिलेचें स्त्रीराज्य लागतें, चंद्रहासाची कथा निघते. पोथी ऐकणाऱ्या किती म्हाताऱ्यांना अर्जुनाचा घोडा कोठून कोठें गेला हें सांगतां आलें असतें? चंद्रहासाच्या पत्रांतील ‘विष’ या शब्दाची ‘विषया’ कशी झाली, तें मात्र त्यांना तोंडपाठ असे. मूळ कथेच्या दृष्टीनें हा ग्रंथ अनावश्यक आहे. चंद्रहास अनावश्यक आहे असें मात्र कोणी म्हणणार नाहीं. उलट ज्ञानेश्वरीसारख्या ग्रंथाला तीच मोकळीक एकनाथांनीं दिली नाहीं. शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ त, त्यांनीं पाठ शुद्ध केला आणि यापुढें कोणी एकही ओवी घालूं नये अशी सक्त ताकीद लिहून ठेवली. दोन्ही गोष्टी एकाच पैठणच्या परिसरांतील लोकांनीं मान्य केल्या, कारण एका ग्रंथांत जागा होती आणि दुसऱ्यांत नव्हती.

संघदासांच्या ग्रंथांत जागा होती काय? त्यांच्या चारुदत्ताची कथा वाचली म्हणजे होती असें म्हणावें लागतें. सारें गमावलेला हा व्यापारी सोन्याच्या शोधांत निघतो, बोकडावर बसून अरुंद कड्यावरून जातो, कातड्याच्या पिशवींत शिरून प्रचंड पक्ष्याकडून स्वतःला उचलून नेववितो. नाणेघाट चढणाऱ्या तांड्यांना ही वाट अंगावर कांटा आणणारी वाटली असती. या चारुदत्तासाठीं वसुदेव खुशाल अर्धी रात्र थांबतो आणि वाचकही थांबतो. पण अशी कथा घालण्यासाठीं नायकाचीं आणखी ७१ लग्नें लावण्याचें कारण नव्हतें. मोजणी भरून काढणें आणि कथा सांगणें हीं दोन निराळीं कामें आहेत; धर्मसेनांनीं पहिलें अंगावर घेतल्यामुळें दुसऱ्याला ते बांधले गेले.

पोथ्यांच्या नशिबानें या वादांत एक विचित्र भर घातली आहे. पहिला खंड चतुरविजय आणि पुण्यविजय या मुनींनीं संपादून १९३० व १९३१ मध्यें भावनगरच्या श्री जैन आत्मानंद सभेकडून छापला. भोगीलाल सांडेसरा यांचें गुजराती भाषांतर १९४६ मध्यें निघालें. मध्यम खंडाला मुद्रणाचें तोंड दिसावयास १९८७ साल उजाडलें. हरिवल्लभ भायाणी आणि रमणीकलाल शहा यांनीं संपादिलेला त्याचा पहिला भाग त्या वर्षीं अहमदाबादेस प्रसिद्ध झाला. अर्धें शतक उलटून गेलें, तरी मधल्या ग्रंथावांचून कोणाचें अडलें नव्हतें. मात्र पहिल्या खंडाच्या ज्या प्रती हातीं आल्या, त्यांत एकोणिसावा आणि विसावा हे दोन लंभ नाहींत. जेथें धर्मसेनांनीं आपले ७१ लंभ ओवले, नेमके तेथलेच दोन मूळचे मणी गळाले आहेत. शेवटही तुटका आहे. संपादकांनीं ती जागा भरून काढली नाहीं. छापील ग्रंथांत अठरावा लंभ संपतो आणि पुढें एकविसावा सुरू होतो.