मुक्काम पोस्ट नाटक कंपनी

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला होता. एका बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. आज नाशिक, परवा इंदूर, झोप बसमध्ये आणि जेवण ढाब्यावर. त्याच्या वडिलांनी आदल्या दिवशीच मला फोन करून ठेवला होता, "सर, तुमचं ऐकतो तो. हे भटकणं सोड म्हणावं." मीही चार वाक्ये मनात जुळवून ठेवली होती. पण चहा पिता पिता तोच म्हणाला, "सर, आमच्या घरात असं आयुष्य कुणी काढलेलं नाही, म्हणून त्यांना भीती वाटते." आणि मला आमच्या घरातले अण्णाआजोबा आठवले. जुळवलेली वाक्ये तशीच राहून गेली.

अण्णाआजोबा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. एका संगीत नाटक कंपनीत ते ऑर्गन वाजवत. हातपेटी नव्हे, पायाने भाता मारायचा मोठा ऑर्गन. मी शाळेत असताना ते थकले होते, पण गोष्टी सांगायचे.

३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले, हे आपण शाळेत शिकतो. पण ही नाटके पुण्या-मुंबईत बसून राहिली नाहीत, ती फिरली. केशवराव भोसल्यांनी 'ललितकलादर्श' काढली १९०८ साली, ती हुबळीत. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ मध्ये पहिल्यांदा रंगले ते बडोद्यात, आणि ते पाहायला गडकरी हयात नव्हते. रेल्वेने हे शक्य केले. पडद्यांच्या गुंडाळ्या, पोशाखांच्या पेट्या, भांडीकुंडी, आचारी, नट, वादक असे सगळे गाव गाडीत चढायचे आणि पुढच्या स्टेशनावर उतरायचे. तिथून बैलगाड्या. पावसाळ्यात चातुर्मासाचा एकच लांब मुक्काम पडे, तेव्हा नव्या नाटकाच्या तालमी चालत.

अण्णा सांगत, प्रवासात माणसांपेक्षा वाद्यांची काळजी जास्त. दमट हवेत सारंगीची तात उतरायची, तबल्याचे चामडे सैल पडायचे, ऑर्गनचे सूर अडायचे. गाडी गावात पोचली की नट मंडळी झोपायची आणि साथीदार वाद्ये उलगडून बसायचे.

आणि काम तरी केवढे! तेव्हा मायक्रोफोन नव्हता. नाटक रात्रभर चाले. एखाद्या पदाला 'वन्समोअर' मिळाला की ते पुन्हा, आणि पुन्हा. गायक दर वेळी नवी जागा घेणार, साथीदाराने ती ओळखून मागे धावायचे. बालगंधर्वांच्या कंपनीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष होते, यावरून साथीची योग्यता कळावी. मुरादाबादचा हा तबलजी मराठी नाटकांसोबत वर्षानुवर्षे हिंडला आणि पुढे १९७० मध्ये 'पद्मभूषण' झाला. पण असे नाव एखाद्याचेच राहते. बाकीचे ऑर्गनवाले, तबलेवाले कुणाला ठाऊक आहेत?

फिरतीचे मोलही मोजावे लागे. १२ मार्च १९११ ला मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली. तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. केशवरावांनी ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमान' गाजवले आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला विषमज्वराने ते गेले. वय अवघे एकतीस.

आमच्या अण्णांचा थोरला मुलगाही तापानेच गेला. तार केली होती अमरावतीला, पण कंपनी दोन दिवसांपूर्वीच पुढे गेली होती. तार मागोमाग फिरत चौथ्या दिवशी पोचली. अण्णा घरी आले ते अकराव्याला. काकीआजीने त्यांना कधी बोल लावला नाही. मात्र त्यानंतर जन्मात तिने एकही नाटक पाहिले नाही. ही कथा आमच्या घराबाहेर कुणाला पाठ नाही.

मग बोलपट आला. १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' लागला. फिरत्या कंपनीचा खर्च मोठा, डोक्यावर कर्ज, आणि प्रेक्षक कमी पैशांत सिनेमा पाहू लागलेला. तीन वर्षांनी खुद्द बालगंधर्व 'धर्मात्मा'साठी प्रभातच्या पडद्यावर आले. अण्णांची कंपनीही मोडली. काही महिन्यांचा पगार बुडाला, ऑर्गन कंपनीचा होता, तो लिलावात गेला. पुढे ते मुलींना पेटी शिकवून जगले. दुपारी पाटावर बसले की त्यांची बोटे पाटाच्या कडेवर चालत राहायची. मी एकदा विचारले, "अण्णा, पुन्हा संधी मिळाली असती तर?" त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिले. मग हळूच म्हणाले, "गेलो असतो रे."

हे सगळे मी त्या मुलाला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. म्हणाला, "आता मोबाईल आहे, सर." मी म्हटले, "आहे. पण तुझ्या वडिलांना आज तू कुठल्या गावात आहेस हे माहीत आहे का?" त्याने मान खाली घातली.

बँड सोड, असे मी सांगितले नाही. मला ते सांगता आलेच नाही.

चार दिवसांनी त्याच्या वडिलांचा फोन आला. मुलाने महिन्याभराच्या कार्यक्रमांची यादी लिहून दिली होती, मुक्कामाच्या पत्त्यांसकट. ती त्यांनी मला फोनवरच वाचून दाखवली. सोलापूर, हुबळी, बेळगाव, इंदूर, बडोदे, अमरावती... मी ऐकत राहिलो.

"सर, तुम्ही त्याला नेमकं काय सांगितलंत?" त्यांनी विचारले.

म्हटले, "काही नाही हो, इतिहासाचा एक तास घेतला."