स्मार्ट कीची मोटारगाडी चालू ठेवून सोडून जाणे

बटण दाबून सुरू होणाऱ्या मोटारगाडीचे इंजिन चालू असतानाच चालकाने तिच्यापासून दूर जाणे. हे दोन तऱ्हांनी घडते. कधी विसरून : गाडी उभी केली, इंजिनाचा आवाज जाणवला नाही, स्मार्ट की खिशातच होती, चालक उतरून घरात गेला. कधी मुद्दाम : एसी चालू राहावा, कडाक्याच्या थंडीत काचेवरचा बर्फ वितळावा किंवा ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून. चोरी, दंड आणि विम्याचे प्रश्न बहुतेक दुसऱ्या तऱ्हेत उद्भवतात. माणसे मात्र मुख्यतः पहिल्या तऱ्हेत दगावली आहेत, म्हणून या नोंदीत तिला अधिक जागा दिली आहे.

कार्यपद्धती : जुन्या गाडीत चावी खोबणीत घालून फिरवावी लागे आणि इंजिन बंद केल्याशिवाय ती बाहेर निघत नसे. ऑटोमॅटिक गाडीत गिअर ‘पी’वर, म्हणजे पार्कवर, नेल्याशिवायही निघत नसे. घराच्या किल्ल्याही बहुधा त्याच जुडग्यात असत. त्यामुळे गाडी बंद करणे ही वेगळी लक्षात ठेवायची गोष्टच नव्हती. चावी हातात आली म्हणजे गाडी बंद झाली होती.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस मर्सिडीज-बेंझच्या महागड्या गाड्यांतून बिनचावीची पद्धत आली आणि पुढच्या वीस वर्षांत ती भारतातल्या मध्यम किमतीच्या हॅचबॅकपर्यंत पोचली. दाराच्या मुठीला हात लागला की गाडीतले अँटेना १२५ किलोहर्ट्झच्या आसपासची क्षीण लहर सोडतात. ती एक-दोन मीटरपर्यंतच पोचते. तेवढ्या अंतरात असलेली स्मार्ट की जागी होते आणि ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास (अमेरिका व जपानमध्ये साधारणपणे ३१५) सांकेतिक उत्तर देते. उत्तर जुळले की दार उघडते. पुढे ब्रेक दाबून, मॅन्युअल गाडीत क्लच दाबून, बटण दाबले की हीच तपासणी गाडीच्या आत पुन्हा होते, इमोबिलायझर या चोरीविरोधी यंत्रणेचा अटकाव दूर होतो आणि इंजिन सुरू होते.

इथे स्मार्ट कीचे काम संपते. ती इंजिन सुरू करण्याची परवानगी देते. इंजिन चालू राहण्यासाठी तिची गरज नसते. ही चूक नाही, हे जाणूनबुजून केलेले आहे. धावत्या गाडीत स्मार्ट कीची बॅटरी संपली किंवा संदेशात अडथळा आला म्हणून इंजिन बंद पडले, तर त्याबरोबर स्टिअरिंगचे व ब्रेकचे साहाय्यही जाईल आणि गाडी द्रुतगती मार्गाच्या मधोमध अडकेल. म्हणून स्मार्ट की दूर गेली तरी गाडी फक्त इशारा देते : दार उघडून मिटले की दोन-तीन बीप आणि डॅशबोर्डवर ‘की नॉट डिटेक्टेड’ अशी ओळ. नवरा-बायको स्टेशनवर येतात, स्मार्ट की खिशात असलेला नवरा डब्यात चढतो आणि बायको गाडी घेऊन निघते, हे म्हणूनच शक्य होते. घरी पोचेपर्यंत काही अडत नाही. गाडी बंद करून पुन्हा सुरू करायला गेल्यावरच सगळा उलगडा होतो, आणि तोवर नवऱ्याची आगगाडी लोणावळ्याच्या पुढे गेलेली असते.

विषबाधा : विसरून चालू राहिलेली गाडी उघड्यावर असेल तर इंधन जाते, फार तर बॅटरी उतरते. ती बंद गॅरेजात असेल आणि गॅरेज घराला जोडलेले असेल, तर घरातली माणसे मरू शकतात. पेट्रोल इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. त्याची घनता हवेच्या जवळपास असल्याने तो खाली बसत नाही की वर निघूनही जात नाही, हवेत मिसळून दाराच्या फटींतून आणि छतातून घरभर पसरतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही पेशींना प्राणवायू मिळत नाही. डोके दुखते, मळमळते, गळून गेल्यासारखे वाटते. माणूस हे अपचन किंवा ताप समजून आडवा होतो आणि झोपेतच बेशुद्ध पडतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे आजच्या गाडीचा धूर पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वच्छ आहे, हे खरे. पण तो तापल्यावरच नीट काम करतो, आणि बंद जागेत ऑक्सिजन कमी होत गेला की इंजिनातले ज्वलनही बिघडत जाते. नवी गाडी आहे म्हणून धोका नाही, हा समज सोडून द्यावा.

अमेरिकेतील ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या दैनिकाने मे २०१८ मध्ये अशा घटनांचा मागोवा प्रसिद्ध केला. २००६ पासून तोवर किमान २८ जण बिनचावीच्या गाड्यांच्या धुराने मेले होते आणि ४५ जण जखमी झाले होते. मृतांत वृद्ध बरेच होते. त्यांनी आयुष्यभर चावी फिरवून गाडी बंद केलेली होती, आणि उतारवयात ऐकू कमी येऊ लागलेले असताना त्यांच्या हाती जवळजवळ आवाज न करणारी गाडी आली. त्यांना विसराळू ठरवून विषय मिटवणे अन्यायाचे आहे. जी आठवण पूर्वी यंत्र करून देत होते, ती यंत्रातून काढून माणसावर टाकली गेली. दोष तिथे आहे.

हायब्रिड गाड्यांत ही अडचण वाढते. टोयोटा हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस किंवा मारुती ग्रँड विटारा यांच्या स्ट्राँग हायब्रिड आवृत्त्या उभ्या असताना पुष्कळदा केवळ बॅटरीवर ‘रेडी’ अवस्थेत असतात. इंजिन थांबलेले, आवाज शून्य. चालकाला गाडी बंद वाटते. बॅटरी उतरली की तीच गाडी इंजिन आपोआप सुरू करते, तेव्हा चालक वरच्या मजल्यावर झोपलेला असू शकतो. सिग्नलला इंजिन बंद करणारी स्टार्ट-स्टॉप यंत्रणा काही प्रमाणात हाच भ्रम निर्माण करते. मात्र ती असलेल्या बहुतेक गाड्यांत चालकाचा पट्टा सुटल्यावर किंवा दार उघडल्यावर काय व्हावे याची तजवीज केलेली असते.

उपाय आणि दिरंगाई : ठरावीक वेळ गाडी उभी राहिली, कोणी काही केले नाही, तर इंजिन आपोआप बंद व्हावे, एवढाच हा उपाय आहे. त्यासाठी नवा सुटा भाग लागत नाही, गाडीतल्या संगणकाला सूचना द्यावी लागते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने डिसेंबर २०११ मध्ये चालू गाडी सोडून जाणाऱ्याला मोठ्या आवाजात इशारा मिळावा असा नियम प्रस्तावित केला, आणि तो वर्षानुवर्षे प्रस्तावच राहिला. दरम्यान फोर्डने आपल्या बिनचावीच्या गाड्यांत अर्ध्या तासाने इंजिन बंद करण्याची सोय केली. टोयोटाने २०१९ मध्ये जाहीर केले की २०२० च्या मॉडेलांपासून बहुतेक गाड्यांत ती देऊ. नोव्हेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेल्या अमेरिकेच्या पायाभूत सुविधा कायद्यात स्वयंचलित बंद होण्याच्या तरतुदीसाठी नियम करण्याची जबाबदारी परिवहन खात्यावर टाकण्यात आली. म्हणजे इशाऱ्याचा प्रस्ताव आल्यापासून कायद्यात या धोक्याचा उल्लेख येईपर्यंत दहा वर्षे गेली. या दिरंगाईचे समर्थन करता येत नाही.

स्वयंचलित बंद होण्याला दुसरी बाजूही आहे. लहान मूल किंवा कुत्रा गाडीत ठेवून, एसी चालू करून कोणी दुकानात गेला आणि ठरलेली वेळ संपून इंजिन बंद झाले, तर उन्हातली बंद गाडी काही मिनिटांत भट्टीसारखी तापते. टेस्लाने २०१९ मध्ये प्राण्यांसाठी, चालक नसताना एसी चालू ठेवणारा ‘डॉग मोड’ दिला तो याच कारणाने. टेस्लाची गाडी विजेची असल्याने तिथे धुराचा प्रश्न नव्हता. मुलांच्या बाबतीत मात्र कोणतीही सोय पुरेशी मानू नये. मूल सोबत न्यावे.

घरंगळणे : घाईत माणूस गिअर ‘डी’ (ड्राइव्ह) किंवा ‘आर’ (रिव्हर्स) वरच ठेवून उतरतो. इंजिनाचा आवाज नाही, हातात काढायला चावी नाही, त्यामुळे चूक लक्षात आणून देणारे काही उरत नाही. जून २०१६ मध्ये लॉस एंजेलिस येथे घराच्या उतारावर जीप ग्रँड चेरोकी मागे घरंगळून अभिनेता अँटन येल्चिन दगावला. त्या गाडीचा गिअरदांडा ढकलल्यावर पुन्हा मधोमध येत असे, त्यामुळे गिअर कुठे आहे हे हाताला कळत नव्हते. अशा अकरा लाखांच्या आसपास गाड्या उत्पादकाने त्याआधीच, एप्रिलमध्ये, दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले होते.

चोरी व विमा : चालू गाडी चोराला स्मार्ट कीशिवाय नेता येते आणि टाकी संपेपर्यंत चालवता येते. याच गुणधर्माचा उपयोग रिले चोरीत होतो. एक साथीदार घराच्या दाराजवळ उपकरण धरतो, दुसरा गाडीजवळ. आत टेबलावर ठेवलेल्या कीचा संदेश त्या दोघांमार्फत गाडीपर्यंत ताणला जातो. एकदा इंजिन सुरू झाले की उपकरणांची गरज नाही. झुरिच येथील ईटीएच या संस्थेच्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ उत्पादकांच्या दहा गाड्यांवर हे करून दाखवले. अमेरिकेत फोर्डच्या पोलिसांसाठीच्या गाड्यांत वेगळी सोय असते : अधिकारी चावी काढून, इंजिन आणि दिवे चालू ठेवून उतरू शकतो, आणि दुसऱ्या कोणी गाडी हलवण्यासाठी ब्रेक दाबला की इंजिन बंद पडते. ही सोय सामान्य गाड्यांत सर्रास का नसावी, याचे समाधानकारक उत्तर नाही.

भारतातल्या वाहनविम्यात गाडीची वाजवी काळजी घेण्याची अट असते आणि तिच्या आधारे चोरीचे दावे नाकारले जातात. चावी आत ठेवून उभ्या केलेल्या ट्रकच्या चोरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये संपूर्ण दावा फेटाळणे अमान्य केले आणि ७५ टक्के रक्कम देण्याचा मार्ग धरला. हा दिलासा खरा, पण तोवर विमाधारकाला किती पायऱ्या चढाव्या लागतात तेही ध्यानात घ्यावे.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १२६ या विषयाला थेट लागू होते. सार्वजनिक ठिकाणी उभ्या गाडीत चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती असली पाहिजे; नसेल तर यंत्र बंद करून ब्रेक लावलेला असला पाहिजे, किंवा चालकाच्या गैरहजेरीत गाडी चुकून चालू लागणार नाही असे अन्य उपाय केलेले असले पाहिजेत. स्मार्ट की खिशात आहे, गाडी लॉक आहे, ही सबब या कलमात नाही. त्याच्या भंगासाठी कलम १७७ खालचा सर्वसाधारण दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५०० रुपये व पुढे १,५०० रुपये आहे. बंगल्याच्या आवारात, जिथे जनतेला जाण्याचा हक्क नाही तिथे, कलम १२६ लागत नाही, आणि विषबाधेचा धोका नेमका अशाच खासगी जागेत असतो.

ब्रिटनमध्ये १९८६ च्या नियमावलीतील नियम १०७ चालू इंजिनाची गाडी रस्त्यावर चालकाविना सोडण्यास मनाई करतो. अमेरिकेत राज्यागणिक फरक आहे. मिशिगनमधल्या रोझव्हिल येथे २०१७ च्या जानेवारीत एका माणसाला घरासमोरच्या खासगी जागेत गाडी गरम होत ठेवल्याबद्दल १२८ डॉलर दंड झाला, त्यावरून गदारोळ झाला आणि त्याच वर्षी खासगी जागेसाठी कायदा सैल केला गेला. कोलोरॅडोत चालू गाडी सोडणे बेकायदा आहे, मात्र रिमोट स्टार्टने, म्हणजे दुरून, सुरू केलेल्या गाडीला सूट आहे. हे तर्काला धरून आहे, कारण रिमोट स्टार्टने चालू झालेली गाडी स्मार्ट की आत आल्याशिवाय बहुधा चालवता येत नाही आणि ठरावीक मिनिटांनी बंद होते. भारतात २०१९ च्या ह्युंदाई व्हेन्यूपासून मोबाइलवरून गाडी सुरू करण्याची सोय परवडणाऱ्या श्रेणीत आली. एप्रिल-मे महिन्यांत नागपूर-अकोल्याच्या उन्हात ती सुखाची वाटते, यात नवल नाही. पण गाडी तळघरात उभी असेल तर ती वापरू नये.

महाराष्ट्रातील धोक्याच्या जागा : आपल्याकडे घराला जोडलेले बंद गॅरेज विरळा. इमारतीखालचे खांबांचे मोकळे पार्किंग हवेशीर असते. धोका आहे तो दोन मजले खोल तळघरांत, जिथे धूर खेचणारे पंखे वीज वाचवण्यासाठी बंद ठेवलेले असतात; शटर ओढून घेतलेल्या गाळ्यांत; आणि मालकाची वाट पाहत एसी लावून झोपणाऱ्या चालकांच्या गाड्यांत. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात सायलेन्सर बुडाला असताना इंजिन चालू ठेवून आत बसणेही घातक आहे. सोसायटीच्या सभेत पंख्यांच्या विजेच्या बिलावर चर्चा होते तेव्हा तळघरातल्या या धोक्याविषयी कोणीतरी बोलले पाहिजे.

खबरदारी : उतरण्याचा क्रम हाताच्या सवयीचा व्हावा. गिअर पार्कवर, हँडब्रेक, बटण, डॅशबोर्ड काळा झाल्याची खात्री, मग दार. दार बाहेरून लॉक होत नसेल आणि गाडी बीप करत असेल, तर पुन्हा प्रयत्न करण्याऐवजी आत पाहावे. पुष्कळ गाड्या इंजिन चालू असताना मुठीवरच्या बटणाने लॉक होत नाहीत, आणि ती त्यांची चालकाला शेवटची सूचना असते. गाडी घेताना स्वयंचलित बंद होण्याची सोय आहे का आणि किती मिनिटांनी, हे विक्रेत्याला विचारून पुस्तिकेत पडताळावे. शिकागो, डेट्रॉइट, टोरांटो येथे मुलांकडे राहायला जाणाऱ्या आई-वडिलांनी तिथल्या घराला गॅरेज जोडलेले आहे का हे पहिल्याच दिवशी पाहावे, आणि झोपण्याच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर त्याच आठवड्यात मुलांना तो बसवायला लावावा.