मोटारनिर्मितीतील चक्रीय अर्थव्यवस्था : उधना-सुरत परिसर

मोटारगाडीतील धातू, सुटे भाग, तेले व रबर गाडीचे आयुष्य संपल्यावरही वापरात राहावेत आणि शक्यतो मोटारनिर्मितीकडेच परतावेत, अशा रीतीने उत्पादन, दुरुस्ती व मोडणी यांची सांगड घालणाऱ्या व्यवस्थेस मोटार-उद्योगातील चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात. गुजरातेत मोटारी तयार होतात त्या साणंद, हालोल व हंसलपूर येथे. सुरतेच्या दक्षिण भागातील उधना हे यंत्रमागांचे, लहान कारखान्यांचे आणि उधना–जळगाव लोहमार्गाने जोडलेल्या खानदेशातून आलेल्या कामगारांचे ठिकाण असल्याने या परिसरात चक्राची मोडणीची बाजूच अधिक महत्त्वाची ठरते.

हे काम भंगारवाल्यांनी कायद्याच्या कितीतरी आधीपासून चालवले आहे. धडधाकट गिअरबॉक्स किंवा दरवाजा न वितळवता जसाच्या तसा दुसऱ्या गाडीस बसवला की धातूबरोबरच त्याला आकार देण्यात खर्ची पडलेली ऊर्जाही वाचते; नोंदणीकृत मोडणी केंद्रांच्या नव्या व्यवस्थेत या कसबाची पुरेशी कदर झालेली दिसत नाही. तथापि उघड्यावरच्या मोडणीत इंजिन ऑइल जमिनीत मुरते आणि वातानुकूलन यंत्रातील वायू हवेत सुटतो, हेही खरे.

केंद्र सरकारचे वाहन-मोडणी धोरण 13 ऑगस्ट 2021 रोजी गांधीनगर येथील गुंतवणूकदार परिषदेत जाहीर झाले. त्यानुसार सप्टेंबर 2023 मध्ये टाटा मोटर्सचे सुरत येथील नोंदणीकृत मोडणी केंद्र सुरू झाले. ते श्री अंबिका ऑटो ही भागीदार संस्था चालवते व त्याची क्षमता वर्षाला 15,000 वाहनांची आहे. अशा केंद्रात आधी बॅटरी, इंधन, तेले, शीतकद्रव व वातानुकूलनाचा वायू वेगळा काढतात, गॅसवर चालणाऱ्या गाडीची टाकी रिकामी करतात आणि मगच सांगाड्याला हात घालतात. चॅसिस क्रमांकाचा भाग कापून जपून ठेवावा लागतो, म्हणजे मोडलेल्या गाडीचा क्रमांक चोरीच्या गाडीला चिकटवता येत नाही. मालकास मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या खाजगी गाडीच्या करात 25 टक्क्यांपर्यंत, तर व्यावसायिक वाहनाच्या करात 15 टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे.

चक्र तुटते ते तांब्यापाशी. वायरींचे जुडगे पूर्ण न उपसता सांगाडा दाबून गठ्ठा केला, तर तांबे पोलादात मिसळते. एकदा मिसळलेले तांबे भट्टीतील नेहमीच्या शुद्धीकरणाने निघत नाही आणि त्याचे प्रमाण वाढले की गरम पोलाद लाटताना पृष्ठभागाला चिरा पडतात. असे पोलाद गाडीच्या पातळ पत्र्याला चालत नाही, ते बहुधा बांधकामाच्या सळईत जिरते. ही पुनर्वापराची उतरती पायरी होय. ती टाळायची तर वायर झटकन उपसता येईल अशी गाडीची रचना मुळातच करावी लागते, आणि ते काम मोडणाऱ्याच्या हातात नसते.

गाडीच्या मोडणीची जबाबदारी निर्मात्यावर काही अंशी टाकणारे नियम 1 एप्रिल 2025 पासून लागू झाले. खाजगी गाड्यांसाठी वीस वर्षांपूर्वी, तर व्यावसायिक वाहनांसाठी पंधरा वर्षांपूर्वी बाजारात आणलेल्या वाहनांतील पोलादाच्या 8 टक्के इतके पोलाद 2029-30 पर्यंत दरवर्षी मोडणीतून परत आल्याचे निर्मात्याने दाखवायचे असून 2030-31 पासून हे प्रमाण 13 आणि 2035-36 पासून 18 टक्के होणार आहे. उद्दिष्ट पोलादाच्या वजनात मोजले जाते. बॅटरी, टायर व तेल यांना स्वतंत्र नियम आहेत, पण आसनांच्या फोमला आणि काचेला भंगाराच्या बाजारात फारसा भाव नाही.