एका विद्यार्थ्याचा नकार आणि होकार

जून महिना उजाडला की धर्मग्रामातील मुले-मुली महाविद्यालयाची पायरी चढू लागतात. फी, पुस्तके, लोकलचा पास यांची तरतूद आईवडील करून देतात. परंतु एखादी विद्यार्थी संघटना सभासदत्वाचा अर्ज पुढे करते, तेव्हा सही करावी की नाही, हे ठरविण्याची शिदोरी सहसा कोणी बांधून दिलेली नसते. "फादर, पोराने ह्या भानगडीत पडावे का?" असे पालक विचारतात. ह्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. इतिहासातील एका कॅथलिक विद्यार्थ्याची हकीकत मात्र सांगता येते.

विली ग्राफचा जन्म २ जानेवारी १९१८ रोजी जर्मनीतील कुखेनहाइम ह्या गावी झाला. त्याचे बालपण सारब्रुकेन शहरात गेले. घरचे वातावरण श्रद्धाळू होते आणि विली वेदीसेवा करीत असे. १९२९ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तो येशूसंघीय धर्मगुरूंच्या मार्गदर्शनाखाली चालणाऱ्या 'नॉयडॉइचलांड' ह्या कॅथलिक विद्यार्थी संघटनेत दाखल झाला.

१९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. जर्मन महागुरूंनी नाझी पक्षाविरुद्ध पूर्वी घातलेले निर्बंध त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात मागे घेतले. २० जुलै रोजी व्हॅटिकन व जर्मनी यांच्यात करार होऊन कॅथलिक संस्थांना कागदोपत्री अभय मिळाले. पुढे ते अभय कागदावरच राहिले, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. सारचा प्रदेश त्या वेळी राष्ट्रसंघाच्या प्रशासनाखाली होता. १३ जानेवारी १९३५ च्या सार्वमतात तेथील शेकडा ९० हून अधिक मतदारांनी जर्मनीच्या बाजूने कौल दिला आणि नाझी राजवट विलीच्या दारी येऊन ठेपली.

'हिटलर युवक' संघटनेत मुलांची रीघ लागली. ती सारीच मुले दुष्ट होती असे नव्हे. कोणाला गणवेशाचे व संचलनाचे आकर्षण, कोणाला एकटे पडण्याची धास्ती, तर कोणाला वडिलांच्या नोकरीची काळजी. विलीने मात्र ठाम नकार दिला. इतकेच नव्हे, तर जे मित्र तिकडे गेले त्यांची नावे त्याने आपल्या वहीतून खोडून टाकली. कोवळ्या वयाचा कठोरपणा ह्या कृतीत आहे. तरीही मैत्रीपेक्षा सदसद्विवेकाचे मोल त्याने अधिक मानले, हे नाकारता येत नाही.

नकार देऊन तो घरी स्वस्थ बसला नाही. बंदी असलेल्या एका कॅथलिक तरुण मंडळात तो सामील झाला. १९३७ मध्ये बॉन येथे त्याने वैद्यकीय शिक्षणास आरंभ केला आणि जानेवारी १९३८ मध्ये ह्याच मंडळामुळे त्याला अटक होऊन काही आठवडे कोठडीत काढावे लागले. १९४० साली त्याला सैन्यात वैद्यकीय सेवक म्हणून बोलावण्यात आले. पोलंड आणि रशियाच्या आघाडीवर त्याने जे पाहिले, ते त्याच्या मनातून कधीच पुसले गेले नाही.

१९४२ साली पुढील शिक्षणासाठी तो म्युनिकला आला. तेथे त्याची हान्स शोल ह्या विद्यार्थ्याशी ओळख झाली. हान्स आणि त्याची बहीण सोफी ही दोघे पूर्वी हिटलरच्या युवक संघटनांत उत्साहाने वावरलेली होती. हान्स तर तेथे नायक होता! विलीच्या वहीत त्याचे नाव असते, तर तेही खोडले गेले असते. आता मात्र हान्स व त्याचे सोबती 'शुभ्र गुलाब' ह्या नावाने राजवटीविरुद्ध पत्रके काढीत होते. विलीने ह्या मंडळींना होकार दिला. एकदा चुकीच्या ठिकाणी केलेली सही म्हणजे माणसाचा अखेरचा शब्द नव्हे, हे तो आता शिकला होता.

त्यानंतर पत्रके घेऊन तो सारब्रुकेन, बॉन, फ्रायबुर्ग येथील जुन्या मित्रांकडे गेला. हिटलर युवकांना ज्यांनी त्याच्यासारखाच नकार दिला होता, त्यांतील बहुतेकांनी ह्याही खेपेस नकारच दिला. बोलिंगर बंधूंसारखे थोडेच सोबत आले. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी हान्स व सोफी विद्यापीठात पत्रके टाकताना पकडले गेले. त्याच रात्री विली आणि त्याची बहीण आनेलीझ यांना अटक झाली. १९ एप्रिलला विलीला देहदंडाची शिक्षा ठोठावण्यात आली. आणखी नावे मिळतील ह्या आशेने गुप्त पोलिसांनी त्याला महिनोन्महिने एकांत कोठडीत ठेवून चौकशी केली. त्याने आपल्या साथीदारांची नावे उघड केली नाहीत. १२ ऑक्टोबर १९४३ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, म्युनिकच्या श्टाडेलहाइम तुरुंगात त्याचा शिरच्छेद करण्यात आला. त्याच्या संतपदाच्या प्रक्रियेच्या दिशेने म्युनिक महाधर्मप्रांताने २०१७ मध्ये पहिले पाऊल उचलले.

आपल्या महाविद्यालयांतील संघटनांची तुलना त्या काळाशी करणे अन्यायाचे होईल. तेथे आपल्या मुलांनी अवश्य जावे, नेतृत्व शिकावे, इतर धर्मीयांच्या खांद्याला खांदा लावून काम करावे. सर्वांपासून दूर राहणे म्हणजे शहाणपण, असे विलीने कधी मानले नाही. मात्र सही करण्यापूर्वी एवढे पाहावे : ही संघटना मला कोणाची सेवा करावयास सांगते आणि कोणाचा द्वेष? न पटल्यास बाहेर पडण्याची मुभा आहे काय? आणि पालकांनीही, जो मुलगा एकदा चुकून परत आला, त्याचे नाव आपल्या वहीतून खोडू नये.