शनिवार तेली

लांकडी उखळ, त्यांत फिरणारी लाट, डोळ्यांवर झांपडें बांधलेला बैल आणि तेल निघाल्यावर उरणारी पेंड, असें तेल्याच्या घाण्याचें रूप महाराष्ट्रांत बहुधा सारखेंच असे. मात्र हा घाणा आठवड्यांतून कोणत्या दिवशीं थांबे, याचें उत्तर सर्वत्र एक नव्हतें.

कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, किनाऱ्यावर तेल गाळणें हा बेने इस्राएल लोकांचा जुना धंदा. पूर्वज नवगांवजवळ गलबत फुटून किनाऱ्यास लागले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, असें त्यांची परंपरा सांगते. पुढें मराठी ही त्यांची भाषा झाली; रोहेकर, पेणकर, किहीमकर अशीं गांवांवरून आडनांवें पडलीं. हिब्रू ग्रंथांचा संबंध दीर्घकाळ तुटला. पण शनिवारीं घाणा जुंपावयाचा नाहीं, हा नियम सुटला नाहीं. म्हणून लोक त्यांस 'शनिवार तेली' म्हणूं लागले. हिंदु तेली सोमवारीं, शंकराच्या वारीं, काम बंद ठेवीत. ते 'सोमवार तेली'.

ही गोष्ट व्यवहाराच्या दृष्टीनें लहान नव्हे. रोजच्या कमाईवर चालणाऱ्या घरानें एक दिवस घाणा थांबविला, म्हणजे त्या दिवसाची मिळकत बुडाली. बैलास वैरण मात्र त्याही दिवशीं लागे. येथें मालक आणि कामकरी बहुधा एकाच घरचे. सुट्टी मागावयाची कोणाकडे? तरीही ती पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली, आणि शेजाऱ्यांनीं त्या सुट्टीचेंच त्यांना नांव दिलें. ग्रंथांवांचून राहिलेल्या समाजाची ओळख टिकविण्यास या तोट्याचा मोठाच हातभार लागला.

पुढें हे लोक मुंबईस जाऊं लागले. तेथें 1796 सालीं सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनीं त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधिलें. 1948 नंतर पुष्कळ कुटुंबें इस्राएलांत गेलीं. गिरणीच्या तेलापुढें घाणेही मागें पडले. त्याच 1948 सालच्या मुंबईच्या दुकानांविषयींच्या कायद्यानें आठवड्यांतून एक दिवस दुकान बंद ठेवणें बंधनकारक केलें. 2017 च्या नव्या कायद्यानें सातही दिवस दुकान उघडें ठेवण्याची मुभा दिली. नोकरास मात्र साप्ताहिक सुट्टी राखली. ज्या लहान दुकानांत मालक हाच नोकर, तेथें ती सुट्टी आजही ज्याची त्यानेंच घ्यावयाची आहे. अलिबागेची इस्राएल आळी पाहावयास गेल्यास, तेथल्या तेल्यांनीं ती कोणत्या किंमतीस घेतली, हें अवश्य आठवावें.