चकाकी आणि वजाबाकी

दसरा जवळ आला की आमच्या घरात कुणीतरी म्हणतंच, ‘गाडीला पॉलिश मारून आण.’ या ‘मारून’ शब्दात एक गैरसमज दडलेला आहे. जणू पॉलिश म्हणजे रंगावर वरून फासायची एखादी वस्तू! खरं तर पॉलिश काढून घेतं आणि वॅक्स चढवतं. दोन्ही कामं एकाच गॅरेजमध्ये, एकाच मशीनवर होत असल्यामुळे आपण त्यांना एकच नाव देऊन टाकलंय.

हा फरक जुन्या स्वयंपाकघरांना नीट ठाऊक होता. तांब्याचा हंडा चिंचेनं आणि राखेनं घासला की उजळतो, कारण वरचा काळवंडलेला थर निघून जातो. पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात तेव्हा मात्र आतून कथलाचा पातळ थर बसतो. तो वापरानं झिजतो आणि पुन्हा द्यावा लागतो. घासणं ही वजाबाकी, कल्हई ही बेरीज. कसबा पेठेतल्या तांबट आळीच्या या शहरात गाडीच्या चकाकीचा इतिहास सांगायला मला याहून सोपे शब्द सापडत नाहीत.

हा इतिहास सुरू होतो अमेरिकेत. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात गाड्या घोडागाडीसारख्याच ब्रशनं रंगवल्या जात. एकावर एक वार्निशचे थर द्यायचे आणि ते वाळायची वाट बघायची. त्यात आठवडे जात. १९२३ साली ड्यूपाँ आणि जनरल मोटर्स यांनी ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोजचा रंग गाड्यांवर आणला. तो फवाऱ्यानं मारता येई आणि काही तासांत वाळे. अडचण एकच होती. वाळल्यावर तो मंद दिसायचा. चमक हवी तर बारीक कणांच्या लेपानं घासून ती बाहेर काढावी लागे. म्हणजे रंग लवकर वाळायला लागला आणि घासण्याचं काम वाढलं. ‘रबिंग-पॉलिश’ या धंद्याला त्यातूनच बळ मिळालं. आपल्याकडचे जुने पेंटर गाडीच्या रंगाला आजही ‘ड्युको’ म्हणतात, ते याच ब्रँडचं नाव.

भारतात या धंद्याला वेगळंच महत्त्व आलं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडू लागली. नंबर लावून गाडीची वाट बघायचा तो काळ. आलेली गाडी वीस-वीस वर्षं घरात राही. उन्हानं तिचा रंग खडूसारखा भुरकट व्हायचा आणि मग तिला रबिंग लागायचं. माझ्या काकांच्या निळ्या पद्मिनीसाठी एक पिवळं फडकं राखलेलं होतं. दरवेळी घासून झालं की ते फडकं निळं व्हायचं. तेव्हाच्या गाडीत रंग सगळ्यात वर असे, त्यामुळे त्यातलं किती गेलं ते फडक्यावर दिसायचं. वजाबाकीचा हिशेब उघडा होता.

पुढच्या काळात तो हिशेब झाकला गेला, आणि त्यात पुण्याचाही वाटा आहे. १९६६ मध्ये टेल्कोनं पिंपरीला पाय रोवले. १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझ पुण्यात आली, १९९८ च्या अखेरीस इंडिका आली आणि २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. आजच्या गाडीचा पत्रा आधी गंजरोधक द्रावणात बुडवला जातो. मग प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट, म्हणजे बिनरंगी पारदर्शक थर. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम वहीच्या कागदाएवढी. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. आपल्या डोक्यावरचा केस बहुधा याहून जाड असतो. उन्हातली अतिनील किरणं अडवायचं काम हाच थर करतो. आता घासलं तर फडकं पांढरंच राहतं. काय गेलं ते दिसत नाही. थर फार पातळ झाला की काही वर्षांनी बॉनेटवर तो पापुद्र्यासारखा सुटायला लागतो, आणि त्यावर पुन्हा रंगकाम करण्यावाचून इलाज नसतो.

म्हणून मशीनही बदललं. जुनं रोटरी मशीन एकाच आसाभोवती गरगर फिरतं, मिनिटाला तीन हजार फेऱ्यांपर्यंत. त्याला लोकरी पॅड लावला की ओरखडे झपाट्यानं निघतात, पण उष्णताही तितकीच वाढते. दाराच्या कडेवर किंवा बॉनेटच्या उंचवट्यावर थर आधीच पातळ असतो. तिथे हात क्षणभर रेंगाळला की रंग जळतो. नंतर आलेल्या ड्युअल अ‍ॅक्शन मशीनचा पॅड स्वतःभोवती फिरता फिरता छोट्या कक्षेतही हलतो. जास्त दाब दिला तर त्याचं फिरणं थांबतं. शिकाऊ हातालाही तो सांभाळून घेतो.

तरीही काम हाताचंच आहे. एक जुना कारागीर मी तासभर न्याहाळला. त्यानं गाडी आधी धुतली, क्ले फिरवून चिकटलेली घाण काढली, कडांना टेप लावली. मग एका कोपऱ्यात दीड फुटाच्या चौकोनावर आधी करून पाहिलं. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, मशीन सावकाश, आधी आडवं मग उभं. मधूनच पालथ्या हातानं पत्र्याची उष्णता बघायचा. पुसून झालं की दिवा तिरका धरायचा, कारण ट्यूबलाइटमध्ये न दिसणारी गोल जाळी त्या उजेडात लगेच उघडी पडते. ‘खोल रेघ पूर्ण काढायची नसते,’ तो म्हणाला. ‘नखाला लागत असेल तर सोडून द्यायची.’ काम कुठे थांबवायचं हे त्याला त्याच्या मशीनपेक्षा चांगलं कळत होतं.

वॅक्स आलं ते यानंतर. चांगल्या वॅक्समधलं कार्नौबा हे मेण ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून येतं. कोरड्या हवेत पानांतलं पाणी उडू नये म्हणून झाड ते स्वतःच तयार करतं. ऐंशी अंशांच्या पुढे वितळणारं हे मेण पुण्याच्या एप्रिलमधल्या तापलेल्या बॉनेटवरही टिकतं. मऊ पॅडनं त्याचा अगदी पातळ थर द्यायचा, धुरकट झाला की पुसून घ्यायचा. काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत तो झिजतो. झिजायलाच तो असतो, कल्हईसारखा. उद्याची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा आधी त्याच्यावर पडते.

मला काळजी वाटते ती वर्षातून दोनदा पॉलिशचं पॅकेज विकत घेणाऱ्यांची. दरवेळी गाडी नव्यासारखी होऊन येते, आणि दरवेळी तिच्यातलं थोडं कायमचं कमी झालेलं असतं. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं. मशीन लावायच्या आधी त्याचा आकडा दाखवायला सांगा. गाडी नुसती मळकट असेल तर धुवा आणि वॅक्स लावा. घासायची वेळ खरंच आली असेल, तर ती बिनरंगी पुंजी किती उरलीय ते आधी कळू द्या.